उर्जानं मान वळवली

रेगेन्सबर्ग

मिलेनाबाई,

शून्यातून धंदा उभारला, पण गेलेल्या माणसाला पत्र कसं पोचवायचं, ते काही जमत नाही. तरी आपल्या क्रीडा क्लबच्या, फेराइनच्या हॉलमध्ये गेलो की तुमचा आवाज येतोच. माझे कान तिखट. बायको म्हणते, फाजील.

तुम्ही प्रागच्या. जिम्नॅस्टिक्स शिकवताना मुलींना तुमच्या देशाच्या जिम्नॅस्ट वेरा चास्लाव्स्काची गोष्ट सांगायचात. १९६८ साली प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले होते. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पदक घेताना सोव्हिएत राष्ट्रगीत लागलं आणि वेरानं मान वळवून खाली घातली. "ओरडता आलं नाही, तर एवढं तरी करायचं," असं तुम्ही म्हणायचात.

शनिवारच्या स्पर्धेत आमची उर्जा पहिली आली. तुमच्या जागी आलेले सर पदक घालायला पुढे झाले आणि तिनं तश्शीच मान वळवली. लोक हसले, "लाजली!" मला टाळ्यांतही तिचा अडकलेला श्वास ऐकू आला.

गाडीत विचारलं, "सरांनी काही केलं?"

एरवी जर्मनमध्ये उत्तर देणारी पोर मराठीत म्हणाली, "बाबा, तुला कळलं?"

मी गाडी कडेला घेतली. तिनं सांगितलं ते इथे लिहवत नाही. उद्या सकाळी आम्ही पोलिसांकडे जातोय. जमलं तर बरोबर चला.

उर्जाचा बाबा,
श्रीरंग