एका रोलसाठी पुडी फोडू नये

बोरिवली (पू.),
७ जानेवारी २०२५

ती. चंदूकाकांस,
रुचिराचा शि. सा. न. वि. वि.

काकूच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तुमच्याशी नीट बोलणं झालंच नाही. घरभर माणसं होती आणि तुम्ही सगळ्यांकडे बघून नुसती मान हलवत होतात. म्हणून पत्र. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मेसेज तुम्ही उघडत नाही, मग एवढीच वाट उरली. पोस्टात तिकीट मागितलं तर खिडकीवरच्या बाईंनी पार्सल कुठे आहे म्हणून विचारलं.

बातमी अशी की मी कॅमेरा घेतलाय. जुना, फिल्मवाला. ऑफिसातली एक मुलगी काढून टाकत होती. पहिला ब्लॅक अँड व्हाइट रोल अंधेरीच्या एका दुकानात धुवायला दिला, तर त्यांनी पंधरवडा लावला आणि वर ओरखडे पाडून दिला. साकीनाक्याच्या छापखान्यात जन्मभर डार्करूम सांभाळलेला माणूस घरात असताना मी दुकानात कशाला गेले, कोण जाणे. मला घरी रोल धुवायला शिकवा. काकू सांगायची, तुम्ही बाथरूम अडवून बसायचात आणि तिला तोंड धुवायला शेजारी जावं लागायचं. माझ्याकडे ती अडचण नाही. मी बाथरूम कितीही वेळ अडवलं तरी कोणी दार वाजवत नाही.

आणखी एक. दूध ठेवायला तुमचा फ्रिज उघडला तेव्हा दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, फिल्मची काळी डबी दिसली. कसला रोल आहे तो? मी विचारलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं?

जेवण वेळेवर करा. तुमचा लोभ आहे हे ठाऊक आहे, पण तो कागदावर आला तर बरं वाटेल.

तुमची,
रुचिरा

मुलुंड (पू.),
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. रुचिरास,
चंदूकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमनने बेल वाजवली असणार, मला कळली नाही. दाराखालून सरकवून गेला.

शिकवतो. पण रसायन वाया घालवायचं नाही, ही माझी अट. डेव्हलपर, म्हणजे चित्र उठवणारं रसायन, त्याची पुडी येते तिचं एक लिटर होतं. पुडी अर्धी कालवता येत नाही. आत वेगवेगळ्या पावडरी असतात, अर्ध्यात कुठली किती येईल सांगता येत नाही. एकदा कालवली की तिची वैरी हवा. मोठ्या बाटलीत निम्मी भरून ठेवलीस तर थोड्या दिवसांत चहाचा रंग येईल आणि जोर जाईल. खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या जमव आणि गळ्यापर्यंत भर. कमी पडली तर आत काचेच्या गोट्या टाक, पातळी वर येते. वापरताना तेवढंच पाणी मिसळ आणि काम झालं की ते मिश्रण टाकून दे, त्यात काही उरत नाही.

उठलेलं चित्र पक्कं करणारा फिक्सर मात्र टाकू नकोस, पुन्हा बाटलीत भर. दर वेळी फिल्मच्या टोकाचा तुकडा त्यात बुडवून बघायचा. ताज्या फिक्सरमध्ये तो काचेसारखा व्हायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट लागू लागला, की फिक्सर निवृत्त झाला म्हणायचं. आणि शेवटी धुताना नळ सोडून ठेवू नकोस. फिल्मचा डबा पाण्याने भर, उलटसुलट कर, ओतून दे, पुन्हा भर.

एका पुडीत पाच-सहा रोल सहज होतात. म्हणून एका रोलसाठी पुडी फोडू नये. फ्रिजातल्या रोलचं तेच आहे. तो एकटा आहे. जोडीला आणखी झाले की बघू. पण त्यासाठी फोटो काढावे लागतात, ते सध्या होत नाही.

यज्ञेशरावांना आशीर्वाद सांग. लिहीत जा, वाचायला मी आहे.

चंदूकाका

बोरिवली (पू.),
२३ जानेवारी २०२५

ती. चंदूकाकांस,
रुचिराचा शि. सा. न. वि. वि.

बाटल्या जमल्या. केमिस्टला वाटलं मला खोकल्याच्या औषधाचं व्यसन आहे. डब्यातल्या चक्रीवर फिल्म चढवायचा सराव जुन्या रोलवर केला, उजेड नको म्हणून रजईत डोकं खुपसून. पार वाट लागली. फिल्मची घडी झाली आणि मला घाम फुटला. आता जमतंय.

एक सांगायचं राहिलंय. पत्रावर सौ. लिहू नका. यज्ञेश पावसाळ्यापासून पुण्याला आहे आणि कोर्टाचं काम मागच्या महिन्यात संपलं. मोठं भांडण असं काही नव्हतं, घरात दोघं असून दोघांनाही कोणी नसल्यासारखं झालं होतं. वर्षश्राद्धाला सगळे विचारत होते, तो का नाही आला. मी टूरवर गेलाय म्हणून सांगितलं. फक्त तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं, काकांना बघूनच कळलं. तुमच्या पत्रात त्याला आशीर्वाद वाचले तेव्हा लक्षात आलं, त्या दिवशी तिथे काय चाललंय ते तुमच्या कानावरच आलं नव्हतं.

दोन रोल भरले. खिडकीतून दिसणारी समोरची गच्ची, नॅशनल पार्कच्या भिंतीलगतचा रस्ता, दुपारची बंद दुकानं. दुसरा संपत आला तेव्हा जाणवलं, एकाही फोटोत माणूस नाही.

तर हिशेब सोपा आहे. माझे दोन आणि तुमचा एक. पुडी मी आणते. रविवारी येऊ ना?

लोभ वाढवा असं नाही म्हणत, आहे तो वापरात ठेवा.

रुचिरा

मुलुंड (पू.),
३० जानेवारी २०२५

चि. रुचिरास,
चंदूकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला खरंच कळलं नव्हतं. त्या दिवशी मला नुसती तोंडं हलताना दिसत होती. प्रेमा असताना तसं नसायचं. ती माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलायची, तिचे ओठ मला कळायचे. कोण काय म्हणालं ते घरी आल्यावर सगळं सांगायची. तुझ्यावर रागवण्याजोगं काही नाही. सगळं एकटीने निभावलंस, तेवढं मला आवडलं नाही.

या रविवारी येऊ नकोस. पाण्याचं काही खरं नाही, सोसायटीत टाकी साफ करणार आहेत.

वरचं वाक्य लिहून पत्र तसंच ठेवलं होतं. आज पुढे लिहितोय. टाकी साफ होणार आहे हे खरं, पण ते कारण नव्हे. पुडीचंही कारण नव्हे, हे तू ओळखलंच असशील. तो रोल मनोरीचा आहे. मार्व्याहून होडीने पलीकडे जायचं असं प्रेमाच्या मनात फार होतं. औषधांनी केस गेले होते, डोक्याला रुमाल बांधायची. परतताना वारा सुटला तेव्हा तिने रुमाल सोडला, मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, आता काढा. मी काढला. त्यानंतर कॅमेऱ्यात फिल्म घातली नाही.

रोल धुतला नाही तोवर तो फोटो उत्तम आलेला आहे. धुतला की काय चुकलं तेही दिसेल. होडी हलत होती, ऊन उतरलं होतं, माझे डोळे पूर्वीचे नाहीत. आता तो पुन्हा काढता येणार नाही.

तू समजून घेशील. आशीर्वाद.

चंदूकाका

बोरिवली (पू.),
४ फेब्रुवारी २०२५

ती. चंदूकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

समजलं. तरी नऊ तारखेच्या रविवारी येतेय. तुमचा रोल फ्रिजात राहू दे. मी माझे दोन धुवायला येतेय, कारण पहिल्यांदा धुताना शेजारी कोणीतरी हवं आहे.

एकच लिहिते आणि गप्प बसते. न धुतलेला फोटो आहे तसाच राहत नाही, आतल्या आत पुसट होत जातो, असं मी वाचलं. खरं की खोटं ते मला विचारू नका, तुम्हालाच जास्त माहीत.

पोळ्या करू नका, घेऊन येते.

रुचिरा

मुलुंड (पू.),
१२ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिरास,
चंदूकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे दोन रोल निघाले आणि तू ते उजेडाकडे धरून लहान मुलीसारखी हसत होतीस, तेव्हा मी उठून फ्रिजपाशी गेलो. डबी हातात बघून तू काही विचारलं नाहीस, फक्त बाथरूमच्या दारातून बाजूला झालीस. ते बरं केलंस. विचारलं असतंस तर मी डबी परत ठेवली असती.

फिल्म वाळेपर्यंत थांबलं पाहिजे असं तू म्हणत होतीस आणि मीच तुला घालवलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी धरून भिंगातून बघितली. बरेचसे फोटो फिके आहेत. रुमाल सोडल्याचा आला आहे, पण त्यात स्पष्ट आहे ती मागची होडीची कड. प्रेमाचा चेहरा नाही. मला वाटत होतं तेच झालं. मी चहा केला आणि प्यायलो.

मग पुन्हा बघितलं. त्याच्या पुढचा फोटो मी काढल्याचं मला आठवतच नव्हतं. त्यात ती होडीवाल्याकडे वळून काही सांगते आहे. हात वर, तोंड उघडं, उघड्या डोक्यावर तिरपं ऊन. एकेक रेष स्पष्ट. काय सांगत होती ते मला माहीत नाही. होडीच्या इंजिनात मला तेव्हाही ऐकू आलं नव्हतं, आणि तोंड माझ्याकडे नव्हतं. भिंग लावून ओठ वाचायचा प्रयत्न केला. पण एका फोटोत एखादं अक्षर मावतं, शब्द मावत नाही. बराच वेळ बसलो होतो. शब्द लागला नाही.

तरी ती बोलते आहे. ते मी विसरत चाललो होतो.

तुझ्या फोटोंबद्दल पुढच्या पत्रात. आशीर्वाद.

चंदूकाका

बोरिवली (पू.),
१९ फेब्रुवारी २०२५

ती. चंदूकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात नेलं होतं, तिथे वाचायला नको होतं.

माझी बातमी छोटी आहे. खालच्या मजल्यावर ऋता नावाची मुलगी राहते, इतके दिवस लिफ्टमध्ये नुसती मान हलवायचो. तिला म्हटलं, जरा उभी राहा, एक फोटो काढते. ती उभी राहिली आणि मग मी तिला चहाला थांबवलं. बस्स, एवढंच.

उरलेला डेव्हलपर तुमच्याकडे आहे. तो खराब झाला तर तुमच्याच कायद्याने तुम्ही गुन्हेगार. कॅमेरा कपाटातून काढाल का? हुकूम नाही, नुसतं विचारते.

स्वतःला जपा, आणि मलाही थोडं.

रुचिरा

मुलुंड (पू.),
३ मार्च २०२५

चि. रुचिरास,
चंदूकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅमेरा काढला. फिल्म घालून खाली उतरलो, तर आमच्या गेटवरचा वॉचमन राजेश काही बोलला. मला कळलं नाही. मग त्याने हातांनी चौकट करून दाखवली आणि केबिनमधून बायकोला बोलावलं. ती गावाहून आली आहे, होळी झाली की परत जाईल. दोघांचा एकत्र फोटो नाही. दोघं गेटपाशी ताठ उभी राहिली आणि मी काढला.

आता त्यांना तो वेळेत द्यायला हवा, आणि एका फोटोसाठी उरलेली सगळी फिल्म कोरी धुणं माझ्याने होणार नाही. म्हणून रोज सकाळी निघतो. मंडईत जातो, पुलाखाली चपला शिवणारा बसतो त्याच्यापाशी थांबतो, तलावापर्यंत जाऊन येतो. घरी आल्यावर कुठे गेलो होतो ते सांगायला कोणी नसतं, म्हणून तुला लिहितोय. फोटो छापायला माळ्यावरचा एन्लार्जर उतरवावा लागेल. त्याला दोन माणसं लागतात आणि इथे एकच आहे. तू बघ, कधी जमतं ते.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. लोक बोलायला लागले की मला धास्ती वाटते, आता काय उत्तर द्यायचं. पण कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा माणूस आपणहून बोलायचं थांबतो आणि माझ्याकडे बघत राहतो. तेवढा वेळ माझं काही ऐकायचं राहत नाही.

तुझ्या पत्रावर लक्ष ठेवून आहे. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
चंदूकाका