पासून, पर्यंत

सोमवार, ५ जानेवारी
लागली बाई एकदाची नोकरी! सदाशिव पेठेत, डॉ. दाबके यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. पेशंटांची यादी एक्सेलमध्ये आहे. आधीच्या तनुजाताईंनी मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून ठेवलाय. त्यात दोन व्हेरिएबल, 'पासून' आणि 'पर्यंत'. ओळी ठरवायच्या, बटण दाबलं की तेवढ्या ओळी निळ्या होऊन आजची यादी छापून येते. डॉक्टर म्हणाले, एवढं जमलं तरी उपकार होतील. पुणेरी स्वागत! आईला दम लागतो, म्हणून तिचंही नाव घातलं. ओळखीचा फायदा घेऊन चांगलं वर, पंधराव्या ओळीत.

मंगळवार, ६
बारा ओळी सांगितल्या, तेरा निळ्या झाल्या. तेरावे कचरूनाना, त्यांची तारीख पुढच्या आठवड्यातली. मोजणीत एकाचा घोळ असणार. बघू.

बुधवार, ७
कचरूनानांच्या सुनेचा फोन आला. काल दुपारी गेले, बसल्या जागी. वाईट वाटलं. आज निळी जादा ओळ त्यांच्या खालची, शर्मिला कांबळे. वय चौतीस.

गुरुवार, ८
शर्मिलाही गेली.
बटण दाबण्याआधी कोडमध्ये 'पर्यंत'मधून एक वजा केला. तरी चौदाव्या ओळीच्या खाली सरकलाच. आता बटण दाबलं की पंधरावी. आई! तनुजाताईंना फोन लावला. म्हणाल्या, मीही एक वजा केला होता, यादीत माझे मिस्टर होते. आणि फोन ठेवला.

शुक्रवार, ९
बटण दाबलेलं नाही. आईची ओळ कट करून तळाला नेली, नऊशेव्या ओळीत. 'पर्यंत' तिच्या मागोमाग तिथे. त्याने आकडा धरलेला नाही, आईची ओळच धरलीय. डिलीट केली— खालून पुन्हा तेच नाव वर. यादी हाताने लिहून दिली. डॉक्टर म्हणाले, इथे हस्तकलेचा वर्ग चालत नाही. काय सांगू मी यांना? कोण ऐकेल?

शनिवार, १०
गेलेच नाही. आईला जास्त दम लागलाय म्हणून कळवलं. खोटंच. ती समोर मटार सोलतेय, गुणगुणतेय. मी नाही तर बटण कोण दाबणार—

साडेअकरा. डॉक्टरांचा फोन. पहिल्यांदाच गोड बोलले. म्हणाले, घाबरू नका, यादी मीच काढली, बटणच तर दाबायचं. आईंना आत्ता घेऊन या, सगळ्यांच्या आधी बघतो—

गुणगुणणं थांबलं.

आई? अगं, आ—