दत्ताचा चौकड्याचा शर्ट

रविवार, संध्याकाळ. राजारामपुरी.

आज वडगावात दत्ताच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पुतळ्याच्या अंगावर लष्करी वर्दी आहे. दत्ता सुट्टीवर यायचा तो मात्र कायम चौकड्याच्या शर्टात. एकाहत्तरच्या लढाईत तो सैन्याचा गुप्तहेर अधिकारी होता, हे आम्हाला कुठं ठाऊक? वर्दी नाही, म्हणजे याला सैन्यातून हाकललंय, एवढंच मला सातवी शिकलेल्याला कळलं.

नुसतं कळलं असतं तर... पण त्याच्या बहिणीला, सुशीला, स्थळ आलं. पाहुणे रिवाजाप्रमाणे शेजारी म्हणून माझ्याकडं चौकशीला आले. चहा पीत पीत मी त्यांना तेच सांगितलं. पाहुणे परत फिरले ते फिरलेच. सुशीचं लग्न पुढं झालं नाही. गप्प बसता आलं नसतं का मला?

आज दत्ताचा जिवलग म्हणून मला फेटा बांधला, पहिला हार घालायला लावला. हार घालताना वर्दी दिसेना, तो चौकड्याचा शर्टच दिसत होता. खाली उतरलो तर काठी टेकत सुशी समोर. मोठ्यानं म्हणाली, "अण्णा, वर्दी बघितली न्हवं? आता पावणं चौकशीला आलं तर काय सांगणार?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं.

"आत्ती, ह्या वयात कुठलं पावणं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. तिचे पाय धरायला हवे होते. मी फेटा सावरला आणि सगळ्यांबरोबर हसलो.