दुखणं: शून्य ते दहा

३ फेब्रु., सोम.
रेडिएशनचा सहावा शेक. जिभेच्या कडेची गाठ डिसेंबरात काढली, आता तेहेतीस वेळा मशिनखाली पडायचं. वीस वर्षांच्या तंबाखूची बक्षिशी. तोंड येणार, फोड येणार, पाणीसुद्धा झोंबणार, असं रांगेतले सगळे सांगतात. सांगू देत. सोळाव्या वर्षी मालवणहून येऊन दुसऱ्याच्या मांडवात वायरी गुंडाळल्या; आज कॉटन ग्रीनला स्वतःचं गोडाऊन, स्वतःचे स्पीकर. तोंड येण्याला काय घाबरायचं.

डॉ. कीर्तींनी त्यांच्या नवीन जेलच्या ट्रायलमध्ये घेतलं. ट्यूबवर नाव नाही, फक्त नंबर. अर्ध्यांना नवीन, अर्ध्यांना साधं. कोणाला कुठलं, ते त्यांनाही ठाऊक नाही. नवीन जेलात औषध नॅनो कणांत भरलंय. केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतके बारीक. ते तोंडातल्या ओल्या कातडीला धरून बसतात आणि थोडं थोडं औषध सोडत राहतात. साधं जेल लाळेबरोबर वाहून जातं. मी म्हटलं, कळलं. लांब गल्लीत तोंडाशी स्पीकरची एकच मोठी भिंत लावली की पुढच्यांचे कान फाटतात, मागे काही पोचत नाही. त्यापेक्षा दर खांबाला छोटा बॉक्स, आवाज बेताचा. बाई हसल्या. म्हणाल्या, आता सगळ्या पेशंटांना असंच सांगणार.

रोज एक फॉर्म भरायचा. दुखणं किती: शून्य ते दहा. त्यावरून गोळ्या ठरणार आणि त्यावरूनच जेलचा निकाल.
आज १.

६ फेब्रु., गुरु.
रांगेत शेजारी माहीमचा तांडेल. होडी भावाला देऊन आलाय. त्याला गाठ गालात. तोही ट्रायलमध्ये. ट्यूब माझ्याशी ताडून बघितली. रंग तोच, वास तोच. माझी नवीनवाली, असं मी ठोकून दिलं.

सकाळची माइक टेस्ट चालू ठेवलीय. तीस वर्षं एकच वाक्य: "शिस्तीत सरका, समोरचा रस्ता सोडा." स आणि श स्वच्छ आले की सेट ठीक. आता फोनवर रेकॉर्ड करतो. आज स स्वच्छ.

१२ फेब्रु., बुध.
जिभेखाली पांढरा चट्टा. चहा थंड करून.

कान आहेत, ऐकू येतं, माझा काय दोष. डॉ. कीर्ती जिन्यात फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, की पेशंटना आराम पडला नाही तर हे सगळं इथेच गुंडाळायचं, चार वर्षं गेली. नंतर मीच विषय काढला तर कळलं, पोरगी घोडपदेवची. वडील मिलमध्ये. चाळीत, दिव्याच्या खांबाखाली नव्हे पण कॉमन गॅलरीत बसून डॉक्टर झाली. आपली पोरगी. पास करायची.
खरं पाच. फॉर्मवर २.

१७ फेब्रु., सोम.
बाईंनी टॉर्च मारून बघितलं. "दोनच? दिसायला तर जास्त वाटतंय, परब."
म्हटलं, मालवणी तोंड आहे, तिखटावर वाढलेलं. त्यांनी लिहून घेतलं. खुशीत दिसल्या. मलाही बरं वाटलं.
तांडेल विचारत होता, त्याला सात वाटतात, काय लिहावं. सांगितलं, दोन लिही. बाईंच्या चार वर्षांचा सवाल आहे, आपल्याला काय, दोन महिन्यांत बरे होऊ. तो म्हणाला, "परबशेठ, तुम्ही सांगाल तसं." त्याने लिहिले २.

२० फेब्रु., गुरु.
आजचं रेकॉर्डिंग ऐकलं. "शिस्तीत" मधून हवा जाते. फाटक्या स्पीकर-कोनसारखं. असा स्पीकर मी मांडवात लावला नसता.
फॉर्मवर २. संध्याकाळी बायकोला, मंदाला, तेच सांगितलं. ती पेजेची वाटी पुढे ठेवून बसली होती. म्हणाली, "माका दोन सांगू नकात. पेजेक हात लावूक घाबरतास तुमी."
बोलायलाही दुखतं.

२४ फेब्रु., सोम.
तांडेल रांगेत बसल्या जागी कलंडला. माझ्याच खांद्यावर. केवढा हलका झालाय. आठवडाभर नुसता पातळ चहा. तोंड इतकं आलेलं की गिळणं बंद, आणि कागदावर दोन दोन दोन, म्हणून जोराची गोळी कोणी दिलीच नाही. अ‍ॅडमिट केलं. नाकातून नळी. शेक थांबवले. मध्ये खाडा पडला की गाठीला सवड मिळते, असं सिस्टर म्हणत होत्या.
त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. वर म्हणते, "तुम्ही होतात म्हणून बरं."
आज फॉर्म भरला नाही.

२५ फेब्रु., मंगळ.
सकाळी मशिनच्या आधी केबिनमध्ये गेलो. गिऱ्हाइकापुढे कधी अडखळलो नाही, आज अडखळलो. सगळं सांगितलं. जिन्यातला फोन, दोन, तांडेलला दिलेला सल्ला.
बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. फायली उघडून माझे दोन आणि तांडेलचे दोन शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं, तुम्हा दोघांवर जेल चांगलं चाललंय. मी घरी पप्पांना सांगितलं होतं."
मी म्हटलं, चुकलो, तुमचं भलं करायला गेलो.
"जेल वाईट निघालं तर मी दुसरं करीन, परब. पण खोटं चांगलं निघालं, तर उद्या हजारो लोक ते लावून उपाशी बसतील. तांडेलांसारखे."
मागचे आकडे बदलता येत नाहीत. झालं ते जसंच्या तसं लिहून ट्रायलवर देखरेख करणाऱ्या कमिटीला कळवणार. आम्हा दोघांचे कागद धरायचे की टाकायचे, ते कमिटी ठरवेल.
मी फोन काढला. रोजची टेस्ट, तारखेसकट. ६ फेब्रुची लावली, मग कालची. बाईंनी दोन्ही तीनदा ऐकल्या. हा पुरावा धरता येईल का, माहीत नाही म्हणाल्या. पण कॉपी ठेवून घेतली आणि मला गोळी वाढवून दिली.
आज खरे ८. लिहिले ८.

३ मार्च, सोम.
गोळीने पेज उतरते. वजन थांबलं. माझा एकही शेक चुकलेला नाही.
जेल चार वेळा लावतो, नेमाने. नवीन की साधं? पूर्वी शपथेवर सांगितलं असतं. आता नाही सांगत. स ऐकला तर गुरुवारपासून जरा घट्ट वाटतो. जेलने, गोळीने की माझ्या आशेने? स्वतःच्या सेटबद्दल कान पक्षपाती असतात, म्हणून मंदाला बसवलं. डोळे मिटून बुधवारची आणि आजची, दोन्ही टेस्ट ऐक म्हटलं. म्हणाली, आधी होतो तसोच. ठीक.
हात पाचकडे जात होता. ७ लिहिले.

६ मार्च, गुरु.
कमिटीचं उत्तर नाही. बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात. चेहऱ्यावरून काही वाचता येत नाही, आणि जिन्यात त्या आता फोन करत नाहीत.
तांडेलचे शेक सोमवारी परत सुरू झाले. आज वॉर्डातून त्याचा फोन. नळी अजून आहे. म्हटलं, बोल, शिस्तीत सरका. बोलला. "समोरचा" ला थांबला, लाळ गिळली, पुढे गेला. मी ऐकून आकडा मनात धरला.
मग विचारतो, "परबशेठ, फॉर्म आलाय. आज किती लिहू?"
म्हटलं, "मी नाही सांगणार. तोंड तुझं आहे."
पलीकडे कागद खुडखुडला.
"नऊ," म्हणाला.
माझ्या मनातही नऊच होते. तेही नाही सांगितलं. म्हटलं, "लिही."