मोघम

दि. ४ जून
ती. ताईस सा. न. (निम्माच घालतेय, उरलेला तू आलीस की.)

पत्र लिहायला बसले तर बाबा म्हणाले, माझ्या कानांबद्दल ताईला मोघमच लिही, तिची परीक्षा आहे. आता मोघम म्हणजे काय? शाळेत शिकवलं असेल तर मी तेव्हा खिडकीबाहेर होते. तू सांग, म्हणजे तसं लिहीन.

तोवर बाकीच्या बातम्या. पंधरवड्यापूर्वी दुकानात बाबा पियानो सुरात लावत होते. मी मागून म्हटलं, गणितात नापास झाले. ते म्हणाले, छान, आता जेवून घे. मला वाटलं लॉटरीच लागली! मग रोज एकेक गुन्हा कबूल केला, अगदी प्रगतिपुस्तकावर केलेली त्यांची खोटी सहीसुद्धा, सगळे माफ. सातव्या दिवशी मजा येईना. दोन गिऱ्हाइकांनी पियानो बेसूर लागला म्हणून बाबांना परत बोलावलंय. हल्ली दुपारी घर तळ्याच्या तळाशी गेल्यासारखं वाटतं. आम्ही दोघं मासे, नुसती तोंडं हलवतोय.

लोभ आहेच, तो पातळ करू नकोस.
कार्टी

दि. ९ जून
चि. कार्टीस अ. आ. आणि एक कानपिळी.

मोघम म्हणजे खोटं नव्हे, धूसर. बरं चाललंय, बघू, येईन कधीतरी. वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. माझीही मागची चार पत्रं तशीच होती गं.

भामटे, विचारता विचारता सगळं सांगून मोकळी झालीस! इथल्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, उशीर केलात तर उरलेलंही जाईल. वीसला परीक्षा संपते, एकवीसला सकाळी मी दारात. तोवर बाबांना तयार कर. हे पत्र दाखव.

माया तीच, वचक थोडा जास्त.
ताई

दि. १३ जून
ती. ताईस पूर्ण सा. न.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. वाटलं, आता आपली काही खैर नाही. पण त्यांनी मला पियानोपुढे बसवलं, डावीकडची पट्टी दाबायला लावली आणि लाकडावर तळवा टेकून डोळे मिटले. म्हणाले, वर्षभर असंच ऐकतोय, उजवीकडचे बारीक सूर आता हातालाही लागत नाहीत. मीही तळवा टेकला. लाकूड झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरत होतं. किती वेळ बसलो कोण जाणे.

मग म्हणाले, ताईला लिही. मी कानाशी ओरडून विचारलं, मोघम का? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. सांगितलं ते शब्द न् शब्द लिहितेय: मला ऐकू येत नाही. डॉक्टरांकडे येईन. भीती वाटते, तू बरोबर हवीस.

लोभ करायला आता आम्ही दोघं आहोत.
कार्टी

खालची सही त्यांचीच. या वेळी मी केलेली नाही.

तुझे बाबा