सील आणि कुलूप

पेडणे, शुक्रवार

बाजारातून परत आल्याआल्या मेट्रन मॅडमनी विचारलं, "कुलूप कोणी मोडलं?" पेशंट कसा आहे, ते नाही.

मी मोडलं. सरकारचा नियम आला की इस्पितळातली इमर्जन्सी औषधांची ट्रॉली सील करून ठेवा. म्हणजे हाताच्या हिसक्याने तुटेल असं प्लास्टिकचं सील. मॅडमनी लावलं पितळी कुलूप, किल्ली पर्समध्ये. आज ती पर्स म्हापशाच्या बाजारात आणि इथे चोपडे गावचा म्हातारा निपचित, नाडी लागेना. काय करायचं होतं मी? कुलपाला हात जोडायचे? ऑक्सिजन सिलिंडरच्या पान्याने हाणलं. इंजेक्शन गेलं, नाडी आली, अँब्युलन्सने पुढे पाठवला.

"चूक झाली असं लिहून दे," म्हणाल्या. रागात माझी कोकणी सुटली. "ती ट्रॉली आसा, रातीं बंद करपाक रोस-आमलेटाचो गाडो न्हय, मॅडम."

जरा जास्तच बोलले का? असेन. पण लिहून दिलं नाही, देणारही नाही.

उद्या नवं कुलूप येईल. येऊ दे. पाना मी ट्रॉलीच्या दांडीलाच बांधून आलेय.