जाळ्याचा वाटा

सावली. ४ मार्च ५७, सोम.
पुन्हा तेच! क्ष/२ + १½ = ४¾. साडेसहा यायला हवे, मी आठ आणले. गुरुजी वैतागले. "दोननं समद्याले गुनाचं. दीडाले काऊन सोडलं बाई?" पुढच्या सोमवारी चांद्याला परीक्षा. पास झाले तर मुलींच्या शाळेत नोकरी. नाहीतर आहेच दादाचं घर, आणि तळ्याच्या मासोळीत विधवेचा अर्धा वाटा. काम मात्र पूर्ण.

७ मार्च, गुरु.
तळ्यावर जाळं ओढलं. दादा वाटे घालत होता. जाळ्याचा वाटा, म्हणजे जाळं ज्याचं त्याचा, आधी बाजूला, त्याला कोणी हात लावत नाही. मग बाकीच्यांचे. बघता बघता चमकले. दीडाला मी जाळ्याचा वाटा समजते! म्हणून गुणत नाही. गुरुजींना सांगितलं तर पोट धरून हसले. "मंग पहिलेच बाजूले काढ ना. उजवीकडून वजा कर, राह्यलं त्याले गुन." सव्वातीन राहिले, दुप्पट साडेसहा. सुटलं! मग गणितं सुटतच गेली.

१० मार्च, रवि.
वहिनी म्हणे, "तू नोकरीले गेली त माह्या लेकराईले कोन पाह्यते?" मी वही घेऊन पडवीत बसले. भीती वाटते.

चांदा. ११ मार्च, सोम.
पेपर झाला. शेवटचं गणित: ¾(क्ष + १½) = ४½. दीड बाजूला काढला, राहिले तीन. क्ष = ४. अख्खा आकडा! हसतच पेपर दिला.

१२ मार्च, मंगळ.
परतीच्या मोटरीत, मूल गाव यायच्या आत... कंस! दीड कंसाच्या आत होता. पाऊण त्यालाही लागतो. साडेचार हवे होते. मूर्ख मी, मूर्ख. उतरून थेट गुरुजींकडे. त्यांनी पाटीवर कंस काढला. मग, "कंसात जाळ्याचा वाटा नसते बाई. तिथी समदे सारखे." पास होईन का? "बाकी बरोबर असन त काठावर निघशीन. सांगता येत नाई."

२४ मार्च, रवि.
निकाल नाही. आज पुन्हा जाळं. माझ्या टोपलीत अर्धा वाटा टाकून दादा पुढे सरकला.
"थांब," मी म्हटलं. "मले पुरा पाह्यजे."
सगळे बघायला लागले.
"निकाल लागला का?" दादानं विचारलं.
"नाई."
दादाच्या हातात मासोळी तशीच. मीही टोपली मागे घेतली नाही.